आईचं स्टँड

आईनं मला एका इंग्रजी शब्दावर वाढवलं. तो शब्द म्हणजे स्टँड. ती शाळेत गेली नव्हती, एबीसीडी तिला आजही येत नाही. पण हा शब्द तिच्या तोंडात भाकरीच्या घासाइतका सहज असायचा. स्टँडावर चालले, स्टँड झाडून घेते, स्टँड सोडून कुटं जाऊ? साताऱ्याच्या एसटी स्टँडला लागूनच आमचं सायकल स्टँड होतं. खोली होती ती रात्री पाठ टेकायला. राहायचो आम्ही स्टँडवर.

गेल्या महिन्यात सांगलीहून साताऱ्याला गेले होते. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. खरं तर जायला मन घेत नव्हतं, कारण आई अंथरुणावर होती. न्हाणीत पाय घसरून तिचा खुबा मोडला होता. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त उभं राहायचं. पण आई उभी राहीना. व्यायाम करून घ्यायला रोज एक हसरी, कामाला चोख मुलगी यायची. पलंगाशी वॉकर ठेवायची आणि म्हणायची, ‘चला आजी, स्टँड!’ आई भिंतीकडं तोंड फिरवायची. जिचा सगळा जन्म पायांवर गेला, तिला आता पाय जमिनीला लावायची भीती वाटत होती. आईला भीती वाटू शकते हे मला नवीन होतं, आणि त्यावर काय करायचं ते माहीत नव्हतं. शेवटी भाचीला तिच्यापाशी बसवलं आणि दिवसापुरती निघाले.

लग्न उरकून परतीची गाडी धरायला एसटी स्टँडवर आले, आणि पाय आपोआप उजव्या हाताला वळले. तिथं आता मोटारसायकली लावतात. पत्र्याचं छप्पर गेलं, बांबू गेले, कडेचं चिंचेचं झाडही गेलं. एका रिक्षावाल्याला विचारलं, इथं सायकल स्टँड होतं ते आठवतं का. तो पोरसवदा होता. त्याला वाटलं मला रिक्षा पाहिजे. मग समजल्यावर हसून म्हणाला, आता सायकल आहे कुणाकडं. मी उन्हात तशीच थांबले. कुठून तरी तापलेल्या रबराचा वास आला. खरंच आला की मला वाटलं, कोण जाणे. पण त्या वासाचा हात धरून सगळं मागोमाग आलं.

आमच्या स्टँडचा वास वेळेप्रमाणं बदलायचा. सकाळी पहिल्या गाडीची माणसं येत तेव्हा खोबरेल तेलाचा आणि डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. दुपारी पत्रा तापला की रबर, ग्रीस आणि पलीकडच्या हॉटेलातल्या भज्यांचा. संध्याकाळी घामाचा, विड्यांचा आणि कुणी गावाकडून पिशवीत आणलेल्या ओल्या शेंगांचा. उन्हाळ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, सायकलींच्या सीटवर ओलं पोतं टाकायचे; घरी निघालेल्या माणसाला चटका बसू नये म्हणून. थंडीत सीटवर दव साठायचं. ते पुसायचं फडकं माझ्याकडं होतं. दवानं गार झालेलं ते फडकं हातात धरलं की बोटं बधिर व्हायची, आणि तरी ते काम मी कुणाला देत नसे.

आणि आवाज. सायकल लावताना स्टँड खाली पडायचं त्याचा खट्. माणूस दमलेला असला की तो खट् दमलेला, पगाराच्या दिवशी ताजा. गिऱ्हाइकाच्या हाती पत्र्याचा बिल्ला, तोच नंबर हँडलला अडकवलेला. दोन बिल्ले एकमेकांवर वाजायचे तेव्हा आप्पा म्हणायचे, ‘गाठ पडली बघ.’

म्हणजे स्टँडमध्ये स्टँड होतं. एसटीचं मोठं, त्याच्या कुशीत आमचं, आणि आमच्या पोटात प्रत्येक सायकलीचं आपापलं. खोलीत कोपऱ्यात घागरीचं लोखंडी स्टँड होतं, ते वेगळं. मला वाटायचं हा आमचाच शब्द आहे, आमच्या घरातून बाहेर गेलेला.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं. आमच्या बाईंनी फळ्यावर स्टँड लिहून अर्थ विचारला. मी हात वर केला आणि सांगितलं, ‘जिथं सायकली ठेवतात ते.’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर आधी माझाच अर्थ लिहिला आणि मग त्याखाली ‘उभे राहणे’ लिहिलं. मला ते ऐकून नवल वाटलं, की आप्पा दिवसभर जे करतात त्याचंही नाव हेच आहे. बाई अधूनमधून विचारायच्या, डू यू अंडरस्टँड? मला वाटायचं त्या विचारतात, तू स्टँडखालीच असतेस ना? आमच्या पत्र्याखाली? मी जोरात मान डोलवायची. त्यामुळं माझं इंग्रजी चांगलं आहे असा बाईंचा समज झाला, आणि तो समज खरा ठरवायला मी पुढं फार अभ्यास केला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आप्पा गेले. दवाखान्यातलं एवढंच आठवतं की त्यांच्या उशाशी सलाईनचं स्टँड होतं, आणि मी आप्पांकडं न बघता त्या स्टँडकडं बघत बसले होते. तेवढा एकच शब्द तिथं ओळखीचा होता.

कवठे महांकाळकडून मामा आला. आईपेक्षा धाकटा, मेंढरं राखून उन्हानं काळवंडलेला, खांद्यावर घोंगडं. तो आम्हाला न्यायला आला होता. त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. तिकडं पाणी कमी असलं तरी माणसं आपली होती, मला शाळा होती, दोन भाकरींना कुणी नाही म्हटलं नसतं. आई ऐकत राहिली. सगळं सांगून झाल्यावर त्यानं मनातलं बोलून टाकलं.

‘आक्का, बाई मानसानं स्टँडावर बसायचं म्हंजे लोकं काय म्हनतील?’

‘बसाय कुटं मिळतंय रं तितं?’ आई म्हणाली. ‘दिसभर हुबंच ऱ्हावं लागतंय.’

मामानं खांद्यावरचं घोंगडं काढून खाली ठेवलं. मग त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं, ते मामाच हसला. पुढं आठवडाभर तो राहिला. छपराचे पत्रे ठोकून दिले, वाकलेले बांबू बदलले आणि जाताना घोंगडं ठेवून गेला. त्या घोंगड्याला मेंढरांचा वास होता. थंडीच्या सकाळी मी ते पांघरून खोक्यावर बसायची आणि शेजारी आई उभी असायची, आप्पांच्या जागी.

पहिले महिने तिला अवघड गेले. दुधाच्या किटल्या लावलेल्या जड सायकली तिला स्टँडवर घेता यायच्या नाहीत. मग तिनं ताकद लावायचं सोडलं आणि वजन टाकायला शिकली. एक पाय स्टँडवर, एक हात सीटखाली, आणि अंग मागं. सायकल आपण होऊन वर यायची.

आषाढात साताऱ्याचा वारा माणसाला उभं राहू देत नाही. एका दुपारी पत्रा वाजायला लागला आणि कडेची एक सायकल कलंडली. तिनं दुसरीला ढकललं, दुसरीनं तिसरीला. बघता बघता अख्खी रांग आडवी झाली. घंट्या वाजल्या, चाकं फिरत राहिली. आई तोंडावर हात ठेवून नुसती बघत होती. ज्यांनी विश्वासानं ठेवल्या त्यांना आता काय सांगायचं, असं तिच्या डोळ्यांत होतं. थोड्या वेळानं कोरेगावची गाडी आली. तीतून उतरलेल्या माणसांत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या. त्यांनी एकदा आईकडं पाहिलं, पदर खोचला आणि सगळ्यात जवळची सायकल उचलली. ती त्यांची नव्हती. मग मागून येणारा प्रत्येक जण आपली शोधत न बसता हाताला लागेल ती उचलायला लागला. वाकलेल्या मडगार्डाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी काथ्याची दोरी आणून रांगेच्या दोन्ही टोकांना बांधून गेलं. कोण ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत, पण त्यांची आठवण मी आजही मनातल्या मनात काढते.

हणमंतदादा आले ते त्या पावसाळ्यानंतर. साताऱ्याजवळच्याच एका गावचे, मिसरूड फुटलेले, फौजेत नवे लागलेले. रजा संपवून निघाले होते. सायकलच्या कॅरियरला काळी ट्रंक बांधलेली. त्यांनी आईला सांगितलं की भाऊ संध्याकाळी येऊन सायकल घेऊन जाईल. मग बिल्ला खिशात टाकला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि धावत गाडी गाठली. संध्याकाळी भाऊ आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. दसरा गेला, संक्रांत गेली, सायकल कोपऱ्यात उभीच.

आसपासचे दुकानदार सांगायचे की विकून टाका, नाहीतर वापरायला काढा, जागा अडते. आईचं उत्तर ठरलेलं असायचं.

‘ठिवलीया मानसानं, टाकली न्हाई.’

पण उभी राहून सायकल आखडते, हे तिला माहीत होतं. म्हणून आठवड्यातून एकदा ती तेल सोडायची आणि मला सीटवर बसवायची. स्टँडवर चढवलेल्या त्या सायकलीचं मागचं चाक जमिनीपासून वर असायचं. मी पायडल मारायची आणि चाक हवेत फिरायचं. डायनामो चाकाला लावला की पुढचा दिवा पेटायचा आणि समोरच्या पत्र्यावर पिवळा गोल उमटायचा. दिवेलागणीच्या वेळी, गाड्यांच्या घोषणा चालू असताना, मी त्या पिवळ्या गोलाच्या मागं लांब लांब जायची. उंब्रज मागं टाकायची, कराडला पाणी प्यायची आणि कुंडलला आत्याच्या घरी पोचायची. कुंडल म्हणजे गुऱ्हाळ. चिपाडाचा गोडसर धूर, काहिलीत रटरटणारा रस, आणि आत्या उसाच्या कांडक्यावर गुंडाळून द्यायची तो गरम, तार सुटणारा गूळ. आत्याकडं आम्ही वर्षातून एकदा एसटीनं जायचो. सायकलवरून मी दर आठवड्याला जाऊन यायची. पत्र्याखालची ती संध्याकाळ माझ्या आयुष्यातल्या सगळ्या प्रवासांपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एक माणूस ट्रंक घेऊन गाडीतून उतरला आणि सवयीनं आमच्या बाजूला बघत पुढं निघाला. आईनं हाक मारली.

‘लय येळ लावलासा. सायकल कोपऱ्यात हाय तुमची.’

हणमंतदादा थांबले. वाळले होते, मिशी वाढली होती. बिल्ला त्यांच्याकडं नव्हता, कुठं पडला ते त्यांना माहीत नव्हतं. आईनं तो मागितलाही नाही. ते सायकलीपाशी गेले, हातानं पायडल फिरवलं. पत्र्यावर पिवळा गोल उमटला तसे बघत राहिले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. भाऊ का आला नाही ते आईनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिनं चहा मागवला.

चहा पिताना मी त्यांना फौजेतलं काय काय विचारलं. ते म्हणाले, तिकडंही तुमचा शब्द आहे. पहाटे उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी अंधारताना सगळ्यांनी आपापल्या जागी हत्यार घेऊन उभं राहायचं, समोर बघत. त्याला स्टँड-टू म्हणतात. मी विचारलं, मग काय होतं? ते म्हणाले, बहुतेक वेळा काहीच होत नाही, तरी उभं राहायचं. मग ते आईकडं वळले.

‘आमी तितं करतो त्ये तुमी हितं केलंसा, ताई.’

आईला ते नीट कळलं नसावं. तिनं नुसती कपबशी उचलली.

दुसऱ्या दिवशी ते सायकल घेऊन गावी गेले. मी दिवसभर कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेकडं बघत होते. रजा संपल्यावर परत आले तेव्हा भावाचं नाव निघालंच नाही. सायकल त्यांनी माझ्यापुढं उभी केली. मी फौजेत असेन तोवर हिनं शाळेला न्यावी, रजेवर आलो की मला द्यावी, असं आईला सांगितलं. आई नको नको म्हणत होती. ते म्हणाले, ‘वाहनानं नुसतं हुबं ऱ्हाऊ नये, ताई.’ आणि गाडीत जाऊन बसले.

पायडल मारण्यात माझ्याइतकी तयार मुलगी अख्ख्या साताऱ्यात नव्हती. पण तोल म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. स्टँड काढलं आणि मी सरळ जमिनीवर. रविवारी दुपारी गर्दी नसायची तेव्हा आई मला मैदानावर न्यायची. तिला स्वतःला सायकल येत नव्हती. पदर खोचून, कॅरियर धरून ती मागं पळायची. इतर मुलींचे वडील मध्येच हात सोडून द्यायचे. आईनं सोडला नाही. मी चालवतेय, मला येतंय, हे मला कळलं, तिलाही कळलं, तरी ती मैदानाच्या टोकापर्यंत धरूनच पळत आली. मग गवतावर बसली आणि धाप लागलेली असताना हसायला लागली. आप्पा गेल्यानंतर तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या सायकलवर माझी शाळा झाली, कॉलेज झालं. हणमंतदादा रजेवर आले की मी आनंदानं चालत जायची. त्यांच्या लग्नात आई करवलीसारखी मिरवली. पुढं कॉलेजात स्टँडचा आणखी एक अर्थ भेटला, सोसणे. प्राध्यापक वाक्य द्यायचे, आय कान्ट स्टँड इट, मला हे सोसवत नाही. वहीत ते उतरून घेताना मला हटकून आई दिसायची, वाऱ्यात, रांगेच्या टोकाला. तिनं हा अर्थ कधी वाचला नव्हता, पण त्यातलं नकाराचं वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले, सांगलीला आले. साताऱ्यात लुना आल्या, स्कूटरी आल्या. रांग आखूड होत गेली. शेवटी शेवटी एक निवृत्त मास्तर रोज सायकल लावायचे. त्यांना कुठं जायचं नसायचं, आईला सोबत म्हणून यायचे. ते यायचे थांबले तेव्हा आईनं स्टँड स्वच्छ झाडलं, पाणी मारलं, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडं राहायला आली.

हे सगळं त्या मोटारसायकलींपुढं उभं राहून आठवत होतं. गाडी लागल्याची घोषणा झाली. बसमध्ये बसल्यावर मी हणमंतदादांना फोन लावला. हवालदार होऊन निवृत्त झाल्यापासून ते गावीच असतात, सणासुदीला आईशी फोनवर बोलतात. आई पडल्याचं मी त्यांना कळवलं नव्हतं, उगाच धावपळ करतील म्हणून. त्या दिवशी सगळं सांगितलं. आई उठत नाही, हेही.  तुम्ही घरी कधी असता, एवढंच त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी ते दारात हजर. हातात कंदी पेढ्यांचा पुडा, पायात कळ, सत्तरीकडं झुकलेलं शरीर. व्यायामाची मुलगी नुकतीच आली होती. मी खुर्ची पुढं केली. आई भिंतीकडं तोंड करून होती. त्यांचा आवाज ऐकून तिनं मानेनंच ओळख दिली आणि मला म्हणाली की त्याला बसायला दे.

‘दिलीया खुर्ची,’ हणमंतदादा म्हणाले. ‘पर मला बसायची घाई न्हाई. तुमी उठा, मग बसतो.’

मला वाटलं गंमत करताहेत. पण ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले. मी पाणी आणलं, ते उभ्यानं प्यायले. मी घरच्यांची खुशाली विचारली, त्यांनी उभ्यानं सांगितली. व्यायामाची मुलगी एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती. बराच वेळ गेला. मग आईनं हळूच मान वळवली. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं नाही, त्यांच्या गुडघ्यांकडं पाहिलं. ते थरथरत होते.

‘गुडघं दुखत्यात न्हवं तुजं?’

‘दुखत्यात की.’

‘मग बस.’

‘तुमी उठल्यावर.’

आई पुटपुटली की हा पहिल्यापासून असाच हट्टी आहे. तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं झालं, आता परत भिंत. पण तिनं पांघरूण बाजूला सारलं आणि माझ्याकडं हात पुढं केला. घरी आलेला माणूस उभा आहे आणि आपण निजलोय, हे तिला बघवलं नाही. आम्ही दोघींनी तिला कडेला आणलं. तिनं वॉकर घट्ट धरला, अंग पुढं टाकलं, दात आवळले आणि उठली.  लुगड्याचा काठ हलत होता. व्यायामाची मुलगी तिचा रोजचा शब्द म्हणायचा विसरून गेली होती. आई माझ्या खांद्याएवढी झाली होती. मला ती उंच आठवत होती.

‘आता बस,’ आई म्हणाली.

हणमंतदादा बसले. आई उभीच होती.